घटका ठाऊक नाय, साल ठाऊक हाय

२ जून १९९६, रविवार

जग २८ सप्टेंबरला संपणार आहे. माझ्या धाकट्या भावाने, कमूने, आज पेणला माझ्या ओट्याशी उभं राहून, चहात बटर बुडवता बुडवता सांगितलं. शनिवार पडतो म्हणाला. म्हटलं, बरं आहे, शनिवारी शाळा सकाळची असते.

मी हसले. तो हसला नाही. तेव्हा लक्षात आलं की स्वारी गंभीर आहे.

नीट लिहून काढते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल. रोह्याला कमूच्या कंपनीत एक हैबतराव आहेत. दोघंही मेंटेनन्सला, फिटर, वीस वर्षांची दोस्ती. हैबतराव तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा बायबल-मंडळात गेले, आणि आता दर रविवारी त्यांच्या पडवीत अभ्यास चालतो. कमू जानेवारीपासून जातोय. जाईना का! कुणी भजनाला जातं, कुणी पत्ते कुटतं. पण या मंडळाने हिशेब करून तारीख काढलीय. त्या तारखेनंतर म्हणे सगळ्यांना नवं शरीर मिळणार. दुखणं नाही, म्हातारपण नाही.

आणि मुंबईच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलंय की कमूच्या हृदयाचा एक व्हॉल्व पार गेलाय, बदलायला हवा. "दिवाळीच्या आत करून घ्या. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही." मी स्वतः ऐकलंय, शेजारच्याच खुर्चीत होते.

"चार महिन्यांसाठी छाती कशाला फाडून घेऊ, ताई?" — इति कमू.

जन्मभर कंपनीत व्हॉल्व बदलले. स्वतःचा बदलायची वेळ आली तर हा जगच संपवायला निघालाय.

९ जून, रविवार

रोह्याला जाऊन आले. नमिताचा शाळेत फोन आला होता — "वन्सं, तुम्ही गणिताच्या बाई. माझं ऐकत नाहीत, तुमचं तरी ऐकतील." भावजयीला हे कुणी सांगितलं कोण जाणे. कमूने माझं शेवटचं ऐकलं ते दुसरीत असताना, तेही चिंच देते म्हटलं म्हणून.

हैबतराव पाहिले. नाव हैबतराव, मिशा दारावर पहारा द्यायच्या, पण माणूस मांजरालासुद्धा "जरा सरकता का" म्हणेल असा. पडवीत चटई, अकरा माणसं, चहा आणि खारी. मला खुर्ची दिली. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खडूच्या पेन्सिलीने हिशेब मांडला. तो असा —

बाबेलच्या राजाला शिक्षा झाली की सात काळ बैलासारखं गवत खा. एक काळ म्हणजे एक वर्ष. वर्षाचे दिवस ३६०. सात गुणिले ३६०, झाले २५२०. आता एका दिवसाचं एक वर्ष करायचं. का करायचं ते विचारायचं नाही. २५२० वर्षं. मोजायला सुरुवात इसवी सनापूर्वी ५२४ पासून. २५२० वजा ५२४ — १९९६! महिना आणि दिवस यहुदी लोकांच्या कापणीच्या सणावरून.

वजाबाकी बरोबर आहे. तेवढ्याला मी पूर्ण मार्क देईन.

"५२४ साली काय झालं होतं?" मी विचारलं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांत तरी मला काही सापडलेलं नाही.

"ते वरच्या कचेरीला ठाऊक हाय, बाई."

वरची कचेरी म्हणजे आकाशातली नव्हे. पुस्तिका छापते ती, दक्षिणेत कुठेतरी.

येताना पॅसेंजरमध्ये पंचांग आठवलं. यंदा अनंत चतुर्दशी २६ सप्टेंबरला. म्हणजे गणपती पोचवायचे, आणि पितृपक्ष लागता लागता जग संपणार. सोय उत्तम आहे.

१० जून

एका राजाने सात वर्षं गवत खाल्लं म्हणून माझा भाऊ ऑपरेशन करून घेत नाही. हे स्टाफरूममध्ये कुणाला सांगायचं?

२३ जून, रविवार

पुन्हा रोहा. या वेळी तयारीने गेले. आठवडाभर कमूकडून आणलेलं बायबल वाचलं. छान आहे, काही काही पानं तर फारच छान. पण कॅलेंडर म्हणून कुणी लिहिलं असेल असं वाटलं नाही.

पहिला प्रश्न — तुमचं वर्ष ३६० दिवसांचं ना? मग ती २५२० वर्षंही ३६०चीच धरा. गुणाकार करताना ३६०चं वर्ष आणि इतिहासात शिरताना ३६५चं, असं कसं चालेल? मी घरून करून नेलं होतं. त्या हिशेबाने जग १९६१ सालीच संपतं. १९६१ला मी मॅट्रिकला होते. संपलं असतं तर माझा संस्कृतचा पेपर वाचला असता.

 हैबतराव म्हणाले, "भाकितातला वरीस येगला, कॅलेंडरातला येगला."

म्हटलं, "आमच्याकडेही फरक पडतो, हैबतराव. आम्ही मग अधिक महिना घालतो. हा बघा आत्ता चालू आहे, अधिक आषाढ. महिना घालतो, जग नाही संपवत." दोघं-तिघं हसले. कमूही हसला, पण लगेच छातीवर हात ठेवला. हसतानाही त्याला दम लागतो आता.

दुसरा प्रश्न — तुमच्याच पुस्तकात म्हटलंय की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. मग?

हैबतराव शांतपणे म्हणाले, "घटका ठाऊक नाय, बाई. साल ठाऊक हाय."

 निघताना माझ्या पिशवीत त्यांच्या बायकोने चार आंबे घातले. लबाड माणूस असता तर भांडायला तरी मजा आली असती.

४ जुलै, गुरुवार

कमू पेणला आला होता. स्टेशनच्या जिन्यावर तीनदा थांबला. मी वर उभी राहून पाहत होते. पाय सुजलेत, चपलेचा पट्टा रुततोय. मी म्हटलं, कमू, हे असं चालायचं नाही. तर म्हणतो, "आता शहाऐंशी दिवस." मोजून ठेवलेत मेल्याने.

आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत एकमेकांना. मला नवरा नाही, पोर नाही, एवढा एक भाऊ. खूप चिडले आणि मग त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं.

१४ जुलै, रविवार

सापडली! चूक सापडली, आणि तीही अशी की कचेरी वरची असो की खालची, नाकारूच शकणार नाही.

इसवी सनापूर्वी १ नंतर एकदम इसवी सन १ येतं. मध्ये शून्य साल नाहीच! यांनी वजाबाकी केली ती शून्य धरून. म्हणजे ५२४ पासून १९९६ पर्यंत २५२० वर्षं होतच नाहीत, २५१९च होतात. एक कमी.

पडवीत कॅलेंडर पालथं घालून मांडून दाखवलं. एकेकाची तोंडं बघण्यासारखी होती. कमूला तर सगळ्यांच्या आधी समजलं, फिटर असला तरी डोकं गणिताचं आहे. "बरोबर आहे ताईचं," म्हणाला. हैबतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "बाई, हा तर मी वरती कलवतो."

कळवा म्हटलं. खुशाल कळवा! सगळा डोलारा खाली आला की नाही? येताना गाडीत मी एकटीच गालात हसत होते. समोरची बाई घाबरून पलीकडे जाऊन बसली.

२१ जुलै, रविवार

मी मूर्ख आहे.

वरच्या कचेरीचं उत्तर आलं. ट्रंककॉल केला होता म्हणे. दुरुस्ती मान्य! शून्य साल नाही, सबब एक वर्ष वाढवण्यात आलं आहे. नवीन तारीख पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९९७. पडवीत सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनी नारळ दिला. माणूस मंडळात गेला तरी सत्काराला हात नारळाकडेच जातो. "बाई, तुमच्यामुले चूक टलली."

आणि कमू! इतका खूश मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. "ताई, आता घाईच नाही काही. पंधरा महिने आहेत." पंधरा महिने! डॉक्टर चार म्हणतोय.

नमिता माझ्याकडे बघतही नव्हती.

२२ जुलै

डॉक्टरने दिलं नव्हतं ते वर्ष मी दिलं. नारळ तसाच पडलाय. फोडवत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

रोह्याला गेले नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती.

दुपारी ठमाबाई आली. ती जवळच्या जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायला जाते आणि परतताना माझ्याकडे चहाला टेकते. साठीची बाई, हात अजून कापत नाही. तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती आधी जीव जाईस्तोवर हसली. "गो बाय माजे! जग बुडायचा व्हता तर आमचे शेटने दोन हजार मूर्तींची ऑर्डर कशाला घेतली?"

मग सहज बोलता बोलता म्हणाली, मुंबईचं एक गिऱ्हाईक भांडत होतं. पाच दिवसांचा गणपती सोमवारी बसवला तर शनिवारी उठायला पाहिजे, सोमवार अधिक पाच. "मी त्याला बोल्ली, शुक्रवार! बसतो तो दिस नाय मोजायचा व्हय? सोम, मंगळ, बुध, बेस्तरवार, शुक्रवार. झाले पाच."

मी चहाचा कप खाली ठेवला.

बसतो तो दिवसही मोजायचा. तसं मोजलं तर एक वर्ष परत येतं. तारीख पुन्हा याच २८ सप्टेंबरवर. ती येऊन जाईल, काही व्हायचं नाही, आणि दिवाळीला सव्वा महिना हातात राहील.

पण ते चूक आहे. हे मलाच ठाऊक आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

केलं.

पडवीत उभी राहिले आणि म्हटलं, "हैबतराव, मी चुकले. मी आजच्या शाळेच्या पद्धतीने मोजलं. जुने लोक तसं मोजत नव्हते. तुमचे प्रभू शुक्रवारी क्रुसावर गेले, रविवारी उठले. तिसरा दिवस म्हणता ना? माझ्या पद्धतीने दोनच होतात. म्हणजे पहिलाही धरायचा. आमच्या पेणला सोमवारी बसलेला पाच दिवसांचा गणपती शुक्रवारी उठतो, तसंच. तेव्हा ५२४ हेच पहिलं वर्ष. तिथून मोजा, १९९६ हेच दोन हजार पाचशे विसावं. तुमची आधीचीच तारीख बरोबर होती."

 मग हैबतराव बोटांवर शुक्र, शनी, रवी मोजू लागले. दोनदा मोजलं. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, किती खोलवर अभ्यास केलात वो!"

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

सहावीच्या पुस्तकात उदाहरण आहे — रस्त्याकडेला पाच खांब, तर मधले गाळे किती? चार. पाच लिहिणाऱ्याला मी वर्षानुवर्षं बाकावर उभं केलंय, लहानपणी कमूलासुद्धा मीच हे शिकवलं होतं. वर्षं सरली किती ते विचारलं तर गाळे मोजायचे असतात. आज मी खांब मोजले आणि गाळे म्हणून खपवले. तेही भल्या माणसाला, त्याच्या देवाची साक्ष काढून.

कमू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडेच बघत होता सारखा. 

१९ ऑगस्ट

आज सहावी ब वर फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

कमू शाळेतच आला, मधल्या सुट्टीत. रजा टाकून आला होता. पटांगणात बाकावर बसला, दम खाल्ला आणि म्हणाला, "डॉक्टरकडून तारीख घे."

मला वाटलं ऑक्टोबरची म्हणतोय. म्हटलं, २८ सप्टेंबर होऊन जाऊ दे, मग लगेच ऑक्टोबरातली घेऊ. तर म्हणाला, "त्याच्या आधीची मिळाली तर बघ." मी विचारलं, काय झालं रे एकदम? "काही नाही. बघ तू."

घंटा झाली तरी मी तिथेच. गणितात हरला की माणूस सरळ होतो, हे मी तीस वर्षं सांगत आलेय. आज पटलं! पाप लागायचं ते लागो, भाऊ तर हाती आला. नारळ फोडला. आतून नासलेला निघाला, तरी वाईट वाटलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

गणेश चतुर्थी. कमूकडे गणपती बसला. नमिताने ठणकावलं होतं, जग संपो की राहो, मूर्ती येणार. हैबतराव दर्शनाला आले, आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन मोदक मात्र खाल्ले.

ऑपरेशन २५ तारखेला ठरलं. मुंबई.

२४ सप्टेंबर, मंगळवार, मुंबई

रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या. कंपनीतून चौघं आले, त्यात सगळ्यात पुढे हैबतराव. पहाटेची एसटी धरून. दंड उघडा करून खाटेवर पडले आणि मिशीतल्या मिशीत प्रार्थना म्हणत होते.

जग चार दिवसांनी संपणार, असं मनापासून मानणारा माणूस बाटली भरून रक्त देतोय.  मी त्यांना मोसंबी सोलून दिली.

२५ सप्टेंबर, बुधवार

सव्वापाच तास. झालं. व्हॉल्व बसला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर टेबलावर घेतलाच नसता.

नमिता आणि मी बाहेरच्या बाकावर एकमेकींना धरून रडलो. 

२८ सप्टेंबर, शनिवार

जग आहे. कॅन्टीनचा उपमा खारट होता.

२९ सप्टेंबर, रविवार

हैबतराव आले, डझनभर केळी घेऊन. चेहरा उतरलेला. मी तयारीच केली होती की एक शब्द टोचून बोलायचा नाही. तेच म्हणाले, "कुठं तरी चुकला, बाई. वरची कचेरी म्हनते परत मोजतो." मग कमूच्या खोलीकडे बघत, "पन याला नवा शरीर भेटला. थोडासा तरी भेटला ना?"

मी म्हटलं, हो. भेटलं.

३० सप्टेंबर, सोमवार

कमू आज उशीला टेकून बसला. आवाज अजून खोल आहे. नमिता चहा आणायला खाली गेली तेव्हा म्हणाला, "ताई, त्या दिवशी तू खांब मोजलेस ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलवेना.

"मला तिथेच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तारखेवर माझा कधीच विश्वास नव्हता गं. भीती वाटत होती कापाकापीची. तू भांडत होतीस ना, तोवर वाटायचं, ताई भांडतेय म्हणजे सगळं ठीक आहे. पण तू उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर खोटं गणित मांडलंस. तू! तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी खरंच मरणार आहे."